तारेखाली अननस

पंचनाम्यात लिहिलं: कारण अज्ञात.
खाली तलाठ्याची सही, सरपंचाची,
तिसरी माझी. वायरमन.
चौसष्ट काजू, अकरा कलमं, गवताची एक उडवी.
वासरू कुणी मोजलं नाही,
ते आपल्या पायांनी परत आलं,
शेपटीविना.

मार्चमधला सडा.
मतलई पडलेली, खारा वारा अजून यायचा,
आणि गवत असं
की पाऊल टाकलं तर पापड मोडावा.
पोल सतरा आणि पोल अठरा,
त्यांच्यामधली तार नोव्हेंबरपासून झोळ घेऊन होती,
ओलं घोंगडं वाळत घातल्यासारखी.
मला माहीत होतं.
रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे: ताण देणे.
देणे राहून गेलं.

सुगंधा घाडी काळ्या जमिनीवर उभी राहिली,
ओचा खोचून,
आणि म्हणाली, "परत काजू नको. ह्यो पालो म्हंजे राकेल."
कृषी खात्याचा मुलगा म्हणाला, जाळरेषा काढा,
दरवर्षी, तीन मीटर, स्वच्छ.
"दरवर्साक कोण काढतलो? पोरां मुंबयक."
मग तिनेच काठीने राखेत रेघ ओढली,
वाडीच्या कडेकडेने, वाकडी, विहिरीशी वळसा घेणारी.
आधी चिऱ्यांचा गडगा.
गडग्याआड घायपात.
मग रातांबे, दाट, कारण त्यांच्याखाली गवत धरत नाही.
न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी आणि अळू.

तारेखाली रातांबा चालत नाही, मी म्हटलं.
वाढला की फांदी टेकते.
तिने माझ्याकडे पाहिलं,
लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
"तुझी तार. बुटक्या कायतरी तूच सांग."

म्हणून अननस.
रविवारी दोडामार्गहून मोटरसायकलवर फुटवे,
पोत्यातून टोकं बाहेर, पाठीवर ओरखडे.
जयवंत पुजारे गडग्यावर बसून बघायचा.
"आगीक झाड म्हंजे जेवाण. तुमी ताट वाढतास."
पुरतं खोटं नव्हतं ते.
पहिल्या वर्षी बकऱ्या, दुसऱ्या वर्षी वांदर.
दोनशेतले साठ गेले,
पुजाऱ्याच्या बाजूला तर रांगच गेली,
आणि जानेवारीत बायका पातेरा ओढत बसल्या
तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही.

तिसऱ्या मार्चला वणवा आला,
माझ्या तारेचा नाही, पलीकडून,
ऑस्ट्रेलियन बाभळींतून, रात्री,
माडाएवढा उंच.
घायपात आधी चरचरली, मग फुटली.
रातांब्यांशी तो थबकला नाही, पण वाकला.
अननसांशी येईतो गुडघ्यावर होता,
मग बायकांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपला,
शिव्या देत, एकेकीने नाव घेऊन.
भोक होतं तिथून मात्र आत शिरला,
पुजाऱ्याच्या गोठ्याचं छप्पर नेलं.
गुरं आधीच सोडली होती.

सकाळी सुगंधा कोयता घेऊन आली.
बाहेरच्या रांगेतला एक अननस,
एका अंगाने शिजलेला,
तिने उभा चिरला, अर्धा मला दिला.
सालीला धूर, आत कोमट, फार गोड.
हनुवटीवरचा रस पुसत,
वर न बघता ती म्हणाली,
"सतरा-अठराची तार.
तेव्हाच ताणूक व्हयी होती तुया."

मी खात राहिलो.
जिभेला अननस झोंबतो तसा झोंबत होता.

"मगे ताणलंस?"

हो, म्हटलं. त्याच आठवड्यात.

"बरा," ती म्हणाली,
आणि कोयता गवताला पुसला.
"येत्या आयतवारी फुटवे घेवन ये.
पुजाऱ्याच्या बाजूक भोक आसा."